चित्र आपले, नाव परक्याचे

आषाढ जवळ येतो. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते. दिवे घाटाच्या चढणीवर एका दिंडीत प्रौढ वयाची एक स्त्री चालते आहे. डोईवर तुळशीवृंदावन, कपाळी बुक्का, मुखी नाम. रस्त्याच्या कडेला उभा असलेला छायाचित्रकार ते दृश्य टिपतो आणि रात्री मुक्कामी पोहोचल्यावर ते छायाचित्र एका परदेशी चित्रभांडाराकडे संगणकावरून पाठवून देतो. पाठविताना चित्रासोबत काही शब्द लिहून द्यावे लागतात. समजा, दिवसभराच्या पायपिटीने थकलेला तो तरुण इंग्रजीत लिहितो : भारत, वृद्धा, गर्दी, अनवाणी, दारिद्र्य, कुंडी, रोपटे, खेडे, अंधश्रद्धा. झाले! चित्रातील तुळस गेली, वारी गेली, विठ्ठलही गेला. काही महिन्यांनी लंडनमधील एखादा उपसंपादक ग्रामीण भारतातील दारिद्र्यावरील लेखासाठी चित्र शोधू लागतो, तेव्हा पडद्यावर हीच माउली उभी राहते. जी स्त्री आपल्या घरची शेतीभाती मार्गी लावून, स्वेच्छेने, आनंदाने पंढरीची वाट चालत होती, ती जगाच्या दृष्टीने दैन्याची प्रतिमा ठरते. यात कोणी खोटे बोलले काय? छायाचित्र तर अस्सल आहे! खोटे आहे ते चित्राला चिकटविलेले नाव.

हिंदू समाजाच्या विकृत चित्रणाविषयी तक्रारी पुष्कळ होतात. अमुक दैनिकाने असे छापले, तमुक वाहिनीने तसे दाखविले, म्हणून निषेधाची पत्रे जातात. ते आवश्यकच आहे. पण वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके, प्रवासपत्रके आणि जाहिराती यांत दिसणारी चित्रे ज्या कोठारांतून येतात, त्या कोठारांच्या दारापर्यंत मात्र हा निषेध अजून पोहोचलेला नाही. तेथे चाललेला व्यवहार कसा आहे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कोठार आणि त्याची किल्ली

आज जगातील फार मोठा चित्रव्यवहार मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. १९९५ साली स्थापन झालेली गेटी इमेजेस, २००३ साली निघालेली शटरस्टॉक, १९९९ पासूनची ब्रिटनमधील अलामी आणि फोटोलिया ही कंपनी विकत घेऊन अडोबीने २०१५ साली उघडलेले अडोबी स्टॉक ही त्यांतील ठळक नावे. त्यांतही एकवटण्याची ओढ आहेच. गेटीने आयस्टॉकफोटो २००६ साली पाच कोटी डॉलरना घेतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गेटी व शटरस्टॉक यांनी विलीनीकरणाचा करार जाहीर केला. या कोठारांत कोट्यवधी चित्रे पडून आहेत. त्यांतून हवे ते चित्र काढायचे तर डोळे कामाचे नाहीत, शब्दच लागतात. या व्यवसायात त्यांना 'कीवर्ड' किंवा 'टॅग' म्हणतात. मराठीत शोधशब्द म्हणावे.

अडोबी स्टॉकवर एका चित्राला ४९ पर्यंत शोधशब्द देता येतात. ते महत्त्वाच्या क्रमाने लिहावेत आणि पहिल्या दहा शब्दांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, असे ही संस्था छायाचित्रकारांना स्वतःच सांगते. शटरस्टॉकवर किमान ७ आणि कमाल ५० शब्द. अलामीवर ५० पर्यंत शब्द, आणि त्यांपैकी दहांना विशेष वजन देण्याची सोय. म्हणजे चित्र चांगले असणे पुरेसे नाही. त्याच्यासोबतचे शब्द कोणते, त्यांत पहिले कोणते आणि अकराव्या जागी कोणता शब्द ढकलला गेला, यावर ते चित्र पहिल्या पानावर दिसणार की चाळिसाव्या पानावर धूळ खात पडणार, हे बऱ्याच अंशी ठरते. घाईत असलेला कोणता संपादक चाळिसाव्या पानापर्यंत जाणार?

गेटी आणि आयस्टॉक यांच्याकडे तर शब्दांचा एक नियंत्रित कोश आहे. छायाचित्रकाराने लिहिलेला शब्द त्या कोशातील नोंदीशी जुळविला जातो, आणि एकाच शब्दाला दोन अर्थ असतील तर कोणता अभिप्रेत आहे ते त्याला सांगावे लागते. व्यवस्था शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. पण कोश म्हटला की कोशकार आला, आणि कोशकाराचे एक जग असते. जो शब्द त्या जगात नाही, त्याला समानार्थी शब्दांचा आधार नाही, वर्गाची सावली नाही, भाषांतराची वाट नाही. दिंडी, वीणेकरी, रिंगण, ओटी, औक्षण यांना इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही. म्हणून छायाचित्रकार जवळचा इंग्रजी शब्द उचलतो. माउलींच्या अश्वाचे रिंगण 'घोड्यांची शर्यत' होते. औक्षण 'आगीचा विधी' होते. मूर्ती 'आयडॉल' होते, आणि ज्या पाश्चात्त्य मनाला बायबलने मूर्तिपूजा हे पाप म्हणून शिकविले, त्या मनासमोर ती पापाच्या नावानेच उभी राहते.

नाव देण्याचा जुना उद्योग

हा प्रकार संगणकाने निर्माण केलेला नाही. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे जमविली आणि जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांच्या संपादनाखाली १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत, आणि चित्रांसोबत वर्णन आहे : ही जमात शूर, ती लबाड, ही राजनिष्ठ, ती बंडखोर. चित्रातील माणसाला कोणी विचारले नाही की बाबा रे, तू कोण? त्याचे नाव, त्याचा स्वभाव, त्याची लायकी साहेबाने लिहिली. ती वर्णने पुढे प्रशासकांच्या डोक्यात कायमची घर करून बसली.

ग्रंथालयांचेही तेच. १८७६ साली मेल्विल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाने ग्रंथांची दशांश वर्गवारी तयार केली. धर्म या विषयाला त्याने २०० ते २९९ हे आकडे दिले. त्यांतील २२० पासून २८९ पर्यंतचे सारे आकडे बायबल आणि ख्रिस्ती पंथांना. आणि उरलेल्या जगातील सर्व धर्मांना मिळून २९० चा एक वर्ग! वेद, उपनिषदे, गीता, संतपरंपरा यांचा हिंदू धर्म बसला २९४.५ वर, दशांश चिन्हाच्या पलीकडे. ड्यूईच्या मनात द्वेष होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या जगात हिंदू जेवढा होता, तेवढी जागा त्याने दिली.

मग हिंदुस्थानने काय केले? नुसता निषेध केला नाही. मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३३ साली स्वतःची 'कोलन वर्गीकरण' पद्धती जगासमोर ठेवली. एखादी वस्तू एकाच कप्प्यात कोंबण्याऐवजी तिच्याकडे अनेक अंगांनी पाहावे, ही त्यांची दृष्टी. मूळ वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ ही ती पाच अंगे. एकच सत्य अनेक बाजूंनी पाहणाऱ्या देशात ही कल्पना सुचावी, यात नवल ते काय! जगभरच्या ग्रंथालयशास्त्रज्ञांनी तिचा गौरव केला, आणि आज संगणकावरील माहितीची छाननी अनेक अंगांनी करण्याचे जे तंत्र रूढ आहे, त्याच्या मुळाशी रंगनाथनांचा विचार सांगितला जातो. मराठी घरांतील किती मुलांना हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न न विचारलेला बरा.

स्वस्तिकाचे दुर्दैव

एका शब्दाचे वजन किती असते, हे पाहायचे तर स्वस्तिकाचे उदाहरण घ्यावे. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर आढळणारे, हिंदू, जैन आणि बौद्ध तिघांनाही पवित्र असलेले हे चिन्ह प्रत्येक मराठी घराच्या उंबरठ्यावर आणि चोपडीपूजनाच्या वहीवर उमटते. हिटलरच्या पक्षाने १९२० साली जे चिन्ह उचलले, त्याला जर्मन भाषेत नाव होते 'हाकेनक्रॉइत्झ', म्हणजे आकडेदार क्रूस. पण इंग्रजीने त्यालाही 'स्वस्तिक' हेच नाव दिले, आणि कोट्यवधींच्या संहाराचा डाग एका मंगल संस्कृत शब्दाला लागला. ज्यूंनी भोगलेल्या यातनांविषयी हिंदू मनात सहवेदनाच आहे; प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की दिवाळीच्या रांगोळीचे छायाचित्र पाठविणाऱ्या छायाचित्रकाराने करावे काय? 'स्वस्तिक' हा शोधशब्द लिहिला, तर त्याची रांगोळी नाझी ध्वजांच्या रांगेत जाऊन बसण्याचा धोका. न लिहिला, तर स्वस्तिक शोधणाऱ्याला नाझी ध्वजच दिसणार, रांगोळी दिसणारच नाही. भीतीपोटी शब्द सोडला की तो शत्रूच्या पदरात पडतो.

सुदैवाने याबाबत परदेशस्थ हिंदूंनी जिद्द सोडली नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ साली नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली, तेव्हा कायद्यात 'हाकेनक्रॉइत्झ' हा शब्द आला आणि हिंदू, बौद्ध व जैन यांच्या धार्मिक वापराला स्पष्ट मुभा मिळाली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही त्याच वर्षी दोन्ही चिन्हांतील भेद मान्य केला. कायद्याने जो भेद मान्य केला, तो चित्रकोठाराच्या कोशाने का मानू नये? ही मागणी कोणा संस्थेने रीतसर, पुराव्यांसह लावून धरली पाहिजे. आणि तोवर प्रत्येक रांगोळीच्या चित्राला 'हिंदू स्वस्तिक', 'शुभचिन्ह', 'दिवाळी रांगोळी' असे जोडशब्द देण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

बाजाराचे चक्र

येथे एखादा उत्साही वाचक म्हणेल, हे षड्यंत्र आहे. तसे सरसकट म्हणणे सोपे आहे, आणि म्हणूनच धोक्याचे आहे. षड्यंत्र म्हटले की आपल्याला करण्यासारखे काही उरत नाही. खरी गोष्ट अधिक साधी आणि अधिक चिवट आहे.

कोठाराचा यंत्रणेला सांगितलेला नियम असा, की ज्या शब्दावर लोकांनी जे चित्र उघडले आणि विकत घेतले, ते त्या शब्दाखाली वर आणावे. अलामीसारख्या ठिकाणी तर चित्रे नुसतीच पुढे येतात पण कोणी उघडून पाहत नाही, असे वारंवार झाले तर त्या छायाचित्रकाराचे स्थानच खाली सरकते. नियम निःपक्षपाती आहे. पण खरेदीदार कोण? पाश्चात्त्य नियतकालिकाचा कलासंपादक 'इंडिया' हा शब्द लिहून राख फासलेला साधू, गारुडी किंवा झोपडपट्टी शोधत असेल, तर त्याने निवडलेले चित्र वर चढणार. पुढच्या वेळी दुसऱ्या संपादकाला तेच प्रथम दिसणार. ते पाहून पुण्या-मुंबईचा छायाचित्रकार ठरविणार की हेच विकले जाते, आणि तो काशीच्या घाटावर पुन्हा तोच साधू टिपणार. या फेऱ्यात एकदा सापडलेली प्रतिमा आपोआप सुटत नाही. तिला कोणीतरी मुद्दाम सोडवावे लागते.

शिवाय पोटाचा प्रश्न आहे. शटरस्टॉकने २०२० साली मानधनाची पद्धत बदलली. तेव्हापासून एका विक्रीमागे छायाचित्रकाराच्या हाती पडणारी किमान रक्कम दहा सेंट आहे. इतक्या पैशासाठी कोण रात्र जागवून 'तुळशीवृंदावन' या शब्दाची सहा इंग्रजी रूपे शोधून लिहील? तो खपणारे शब्द लिहून झोपी जातो. त्याला दोष देण्यापूर्वी समाजाने त्याच्यासाठी काय केले, हेही विचारावे लागेल.

२०१४ सालच्या सप्टेंबरात मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सने एक व्यंगचित्र छापले : अंतराळातील प्रतिष्ठितांच्या क्लबचे दार ठोठावणारा, गाय सोबत घेतलेला भारतीय शेतकरी. निषेधाचा भडिमार झाला आणि त्या पत्राला क्षमा मागावी लागली. पण त्या व्यंगचित्रकाराच्या मनात भारत म्हटल्यावर गाय आणि मुंडासेच का आले? वर्षानुवर्षे त्याच्या डोळ्यांसमोर दुसरे आलेच नसेल, तर दुसरे सुचणार कोठून?

त्याच दिवसांत बंगळुरूच्या इस्रो कार्यालयातील एक छायाचित्र जगभर गाजले. रेशमी साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या स्त्रिया एकमेकींचे आनंदाने अभिनंदन करीत आहेत. 'भारताच्या स्त्री-शास्त्रज्ञ' म्हणून ते सर्वांनी कौतुकाने फिरविले. पुढे इस्रोनेच स्पष्ट केले, की त्या प्रशासकीय विभागातील कर्मचारी होत्या. मोहिमेत अनेक स्त्री-शास्त्रज्ञ होत्याच, पण त्या चित्रातील स्त्रिया नव्हेत. ही गोष्ट अडचणीची वाटली तरी सांगितली पाहिजे. चुकीचे नाव आपल्या गौरवाचे असले तरी ते चुकीचेच. परक्याने वारकरी स्त्रीला भिकारीण म्हटले तर संतापायचे आणि आपण लिपिकेला शास्त्रज्ञ म्हणायचे, हा न्याय नव्हे. ज्याला दुसऱ्याच्या शब्दांचा हिशेब मागायचा आहे, त्याचा स्वतःचा हिशेब चोख हवा.

ज्यांनी करून दाखविले

चक्र फिरविता येते, याचा पुरावा परदेशातच आहे. स्त्रियांच्या चित्रणाविषयी तेथील स्त्रीसंघटनांची तक्रार जुनी होती. २०१४ साली 'लीन इन' या संस्थेने थेट गेटी इमेजेसशी हात मिळविला आणि सुमारे २५०० चित्रांचा स्वतंत्र संग्रह तयार करविला. त्यात काम करणाऱ्या, नेतृत्व करणाऱ्या, मुले सांभाळून संशोधन करणाऱ्या स्त्रिया होत्या. गेटीवर 'स्त्री' या शब्दाखाली २००७ साली सर्वाधिक विकले गेलेले चित्र टॉवेल पांघरून पहुडलेल्या विवस्त्र स्त्रीचे होते. २०१७ साली त्या जागी आली ती कॅनडातील बँफच्या डोंगरवाटेने एकटी चालणारी गिर्यारोहक. सारे श्रेय त्या एका संग्रहाचे नसेल. काळही बदलला होता. पण दहा वर्षांत एका शब्दाचे चित्र बदलले, हे खरे. तो विचार कोणाला पटो वा न पटो, पद्धत शिकण्यासारखी आहे. चीनच्या व्हिज्युअल चायना ग्रुपने २०१६ साली बिल गेट्स यांची कॉर्बिस ही चित्रसंपदा सरळ विकत घेतली. अर्थात, मालकी आली म्हणजे विवेक येतोच असे नाही. याच कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराच्या छायाचित्रावर आणि खुद्द चीनच्या राष्ट्रध्वजावर हक्क सांगितला आणि तिची नाचक्की झाली!

भारतातही काही प्रयत्न झाले. मुंबईतील दिनोदियासारखी जुनी चित्रसंस्था आहे. २००६ साली सुरू झालेल्या इमेजेसबाझारने भारतीय चेहऱ्यांचा मोठा साठा उभा केला. पण ही उद्योजकांची कामे. ज्या संघटनांकडे गावोगाव कार्यकर्ते आहेत, ज्या देवस्थानांकडे उत्सवांची शेकडो छायाचित्रे कपाटांत पडून आहेत, त्यांना हे आपले काम वाटले काय?

आता यात आणखी एक निकड आली आहे. चित्रे रेखाटणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे चित्र आणि त्यासोबतचे शब्द यांच्या जोड्या पाहूनच शिकतात. शटरस्टॉकसारख्या कंपन्यांनी आपला साठा अशा शिक्षणासाठी करार करून दिला आहे. उद्या एखादी मुलगी संगणकाला 'हिंदू सण' असे चित्र काढण्यास सांगेल, तेव्हा ते यंत्र आज कोणी, कोणत्या चित्राला, कोणता शब्द लावला होता त्यावरूनच काढील. कोठारातील चूक एके काळी एका लेखापुरती होती. आता ती गिरवली जाणार आहे.

पाच अंगांनी

काम मोठे खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त भांडारात २०१९ पासून प्रत्येक चित्राला निरनिराळ्या भाषांत, मराठीतही, ओळ लिहिण्याची सोय आहे. तेथे बसून एखाद्या शाखेने, एखाद्या महिला मंडळाने किंवा महाविद्यालयीन गटाने आपल्याच गावच्या मंदिराच्या, जत्रेच्या, गडाच्या चित्रांना अचूक नावे दिली, तर ते रविवारच्या दोन तासांचे काम आहे. व्यावसायिक छायाचित्रकाराला हवी ती मदत जाणकारांनी करावी : सणांची, विधींची, वाद्यांची, दागिन्यांची नावे आणि त्यांची इंग्रजीतील सर्व प्रचलित रूपे. गणपती, गणेश, गणेशा यांपैकी एकच रूप लिहिले तर उरलेल्या दोन रूपांनी शोधणाऱ्याला ते चित्र दिसेलच याची खात्री नाही. विठ्ठलाचीही रोमन लिपीत चार-पाच रूपे आढळतात. ती सारी लिहावीत, मात्र चित्रात जे नाही ते लिहू नये. भारंभार शब्द कोंबले की चित्र भलत्याच शोधात पुढे येते, कोणी ते उघडत नाही आणि अखेर खाली जाते.

दिवे घाटातील त्या माउलीच्या चित्राकडे रंगनाथनांच्या पाच अंगांनी पाहिले, तर पहिले दहा शब्द आपोआप सुचतात. मूळ वस्तू : वारकरी स्त्री, हिंदू भाविक. द्रव्य : तुळशीवृंदावन, पवित्र तुळस. क्रिया : पंढरपूरची वारी, पायी तीर्थयात्रा. स्थळ : दिवे घाट, महाराष्ट्र. काळ : आषाढी एकादशी, पालखी सोहळा. आणि पोर्टलने मान्य केले, तर अकराव्या जागी, तिच्या अनुमतीने, तिच्या गावाचे नाव.